भलताच तारा

आमच्या खगोल मंडळानं मला चमक बदलणारा एक तारा नेमून दिला होता. नोंदी नीट आल्या तरच कायमचं सभासदत्व. एका हातात ऊब देणाऱ्या बोरोका दारूचा पेला, दुसऱ्या हातात नकाशा, असा अख्खा हिवाळा मी दुर्बिणीला डोळा लावून काढला.

आज मंडळात नोंदी तपासणाऱ्या गेलर्टकाकांचा फोन आला. "इल्का, दुर्बिणीत आकाश उलटं दिसतं, मग नकाशाही उलटा धरायचा ना? तू हिवाळाभर शेजारच्याच ताऱ्याची चमक मोजलीस की गं!"

"म्हणजे माझं सभासदत्व गेलं?"

"जातंय कुठं, वेडाबाई!

त्या शेजाऱ्याचीही चमक बदलते, हे आजवर जगात कोणालाच ठाऊक नव्हतं."