अकरा बादल्या

“केळं कुणी आणलंय?” नवरीच्या आईने विचारलं, आणि गाडीतल्या सहाही जणांनी एकदम खिडकीबाहेर बघितलं. त्यात ड्रायव्हरही होता.

पिकलेल्या फळातून वायू सुटतो आणि त्याने फुलं लवकर म्हातारी होतात, हे तिने निघण्याआधी दोनदा बजावलं होतं. शेवटी मामाने खिशात हात घातला.

“ताई, साखर उतरली तर असावं म्हणून…”

“साखर परत चढते. मान टाकलेली शेवंती नाही चढत.”

गाडी थांबवून मामाला केळ्यासकट खाली उतरवण्यात आलं. तो एकटाच परत चढला.

गाडी बारा सीटची. त्यात सात माणसं आणि अकरा बादल्या. सीट बादल्यांना मिळाल्या होत्या, पट्ट्यांसकट. नवरी निशिगंध आणि गुलाबाच्या मधे खाली फतकल मारून बसली होती. एसी असा सोडला होता की भर उन्हाळ्यात बाबांनी कानटोपी घातली होती.

“आई, हुडहुडी भरलीय गं. जरा कमी कर ना.”

“अंगावर घे काहीतरी. फुलांना नाही घेता येत.”

या सगळ्याचं मूळ एका फोनमध्ये होतं. नवरदेवाच्या आईची फुलांची तीन दुकानं. चार महिन्यांपूर्वी त्या म्हणाल्या होत्या, “विहीणबाई, तुम्ही कशाला दगदग करता? आमच्याकडून घेऊ. घरच्या फुलांना लोक नावं ठेवतात हो.” आई “बरं” म्हणाली, फोन ठेवला आणि गच्चीवर माती चढवायला घेतली. पोरगी ज्या घरात जन्म काढणार, तिथे पहिल्याच दिवशी माहेरचं काही फिकं पडलेलं तिला चालणार नव्हतं. पंचवीस टेबलांचे पंचवीस गुच्छ आणि नवरीच्या हातातला एक. सगळं गच्चीवरचं. पहाटे तिरक्या कापाने तोडलेलं, ओल्या कागदात गुंडाळलेलं.

लग्न चार वाजता होतं. एक वाजता गाडीने आचका दिला आणि ती बंद पडली. एसी तर त्याच्याही आधी गेला.

ड्रायव्हरने बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि एखाद्या डॉक्टरसारखं हळूच बंद केलं. “दुसरी गाडी बोलावलीय. दोन तास धरा.”

“दोन तासांत यांचा पालापाचोळा होईल!” आई म्हणाली. यांचा म्हणजे फुलांचा, हे सगळ्यांना कळलं.

मग वीस मिनिटं त्या रस्त्यावर जे झालं, त्याला वाटमारी म्हणायला हरकत नाही. बाबा कानटोपी हलवत मधोमध उभे राहिले. पहिली थांबली आइस्क्रीमची गाडी. मावशीने आनंदाने टाळ्या पिटल्या. आईने आत डोकावून पाटी वाचली. उणे अठरा.

“नको. गोठली की काळी पडतात. जा तुम्ही.”

“अगं, मिळाली होती ना गाडी!” बाबा ओरडले.

दुसरा ट्रक थांबला. आत ताडपत्रीखाली मस्त गारवा होता आणि चार टन टोमॅटो. लालबुंद, पिकलेले. आईने मामाकडे असं बघितलं, जणू तेही त्याच्याच खिशातून निघाले होते. ट्रक गेला.

मावशी रडवेली झाली. ड्रायव्हर झाडाखाली जाऊन बसला. सगळ्यांनी आपापल्या बाटल्यांमधलं पिण्याचं पाणी बादल्यांत ओतलं. गुलाबाची एक पाकळी कडेने वळली, तेव्हा झाडाखालच्या ड्रायव्हरसकट सात जणांनी एकदम श्वास रोखला.

तिसरी होती दुधाची गाडी. दूध पोचवून शहराकडे रिकामी परतणारी, मागचा डबा चार अंशांवर. आईने हात आत घातला, डोळे मिटले आणि म्हणाली, “हे बरोबर आहे.”

पुढची तीन मिनिटं कुणी कुणाचं ऐकलं नाही. “सरळ धर!” “माझ्या पायावर!” “निशिगंध आधी!” बादल्या हातोहात सरकल्या. अकरावी बादली मामाने लहान बाळासारखी उचलून दिली.

“पुढे माझ्याशेजारी एकच माणूस बसेल हं,” दूधवाला म्हणाला.

“मग प्रश्नच नाही,” बाबा म्हणाले. मामानेही मान डोलावली. यावर घरात मतभेद असण्याचं कारणच नव्हतं.

दार लागलं, गाडी सुटली. मागे राहिलेल्यांनी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवले. मामा तर नाचला.

तीन वाजता दुधाची गाडी सभागृहाच्या दारात उभी राहिली. आई उतरली, डबा उघडला. विहीणबाई चष्मा लावून आल्या. त्यांनी एक गुलाब उचलला, देठ चिमटीत दाबून बघितला. मग दुसरा. मग शेवंती उलटी करून बघितली. आख्ख्या अकरा बादल्या तपासून झाल्यावर विहीणबाईंनी चष्मा काढला.

“विहीणबाई,” त्या म्हणाल्या, “माझ्या तिन्ही दुकानांत आज अशी फुलं नाहीत.”

आईला तिथेच गिरकी घ्यावीशी वाटली. ती घेतलीही. दूधवाल्याने टाळ्या वाजवल्या.

मागे नवरदेव उभा होता. नवा कोट, घामेजलेला चेहरा. त्याने गाडीच्या पुढच्या सीटवर बघितलं, मग मागे डब्यात बघितलं, मग बादल्यांच्या मागेही वाकून बघितलं.

“आई,” तो हळूच म्हणाला, “आणि ती?”

आईने पहिल्या गुच्छाचा कागद सोडवायला घेतला होता. तिने मान वर केली नाही.

“येतेय मागून. तिला ऊन चालतं.”