राहून गेलेली ओळ

फाइल साठवण्याच्या कोडमध्ये नोंदींची झाडासारखी रचना उभी करण्याआधी तिच्या मुळाची मेमरीतली जागा पुसून रिकामी करणारी एक ओळ शर्वरीने घातली होती. "मेमरीत आधीच्या फाइलचा कचरा उरला असेल, तर तोच नव्या फाइलच्या नावाने दिसेल, सर."

टीम लीड मकरंद सगळ्यांसमोर हसला. "टेस्टमध्ये एकदा तरी दिसला का? इंजिनिअर आहेस की सफाईवाली? काढ ती ओळ."

तिने ती काढली, तेव्हाच त्याने कोड पुढे जाऊ दिला.

वर्षभराने शहराच्या कोठी भागातल्या एका क्लिनिकमध्ये मकरंदच्या वडिलांचा स्कॅन झाला. "फिकर नक्को करो, सब ठीक है," म्हणत डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं. चार महिन्यांनी गाठ हाताबाहेर गेल्यावर कळलं, की त्यांच्या नावाने उघडला होता तो आधीच्या पेशंटचा स्कॅन. क्लिनिकच्या सर्व्हरवर मकरंदच्याच टीमचा कोड चालत होता.

मकरंद हॉस्पिटलमधून तडक ऑफिसात आला. ती ओळ त्याने स्वतः परत घातली.



बदलाचं कारण विचारणाऱ्या रकान्यात त्याने लिहिलं, "शर्वरीकडून राहून गेली होती."