हप्त्याची सोय

घर आणि घराचं कर्ज, दोन्ही निवृत्त नर्सबाईंच्या नावावर होतं. हप्ता मात्र तीन वर्षांपासून त्यांच्या मुलाच्या खात्यातून आपोआप जायचा. भाजीत मीठ कमी पडलं तरी तो म्हणायचा, "या घराचा हप्ता कोण भरतं, लक्षात आहे ना?" बाई मीठ पुढे करायच्या.

मग ते कर्ज दुसऱ्या कंपनीकडे गेलं. जुनी सोय बंद पडली आणि हप्ता कोणाच्या खात्यातून कापायचा, यासाठी नव्या कंपनीचा फॉर्म घरी आला. मुलाने तो वाचला, पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"आई, आधी घर माझ्या नावावर कर. मग सही करतो."

"बघते," म्हणत बाईंनी फॉर्म पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसल्या. काउंटरवरच्या मुलीने आकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "मावशी, नुसत्या पेन्शनमध्ये एवढा हप्ता बसायचा नाही हो. मुलाचंच खातं राहू द्या ना."

"माझंच लिही. उरलेल्या पैशांचं मी बघते," बाई म्हणाल्या आणि ठसठशीत सही करून उठल्या. तिथून त्या थेट आपल्या जुन्या हॉस्पिटलात गेल्या.

संध्याकाळी मुलाने सोफ्यावरूनच विचारलं, "मग, काय ठरलं?"



"हप्त्याची सोय झाली. तुझी खोली दोन नर्स मुलींना भाड्याने दिली आहे, एक तारखेच्या आत तेवढी रिकामी कर."