शेपटीजवळचा दगड

लाखो वर्षांपूर्वी दगड झालेला तो मासा बघायला संग्रहालयातल्या बाई घरी आल्या, तेव्हा नवऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ महिने बायको जेवणाच्या टेबलावर सुई आणि ब्रश घेऊन बसत होती. डोकं, कल्ले, पाठीचा काटा, सगळं लख्ख मोकळं झालं होतं. शेपूट मात्र अजून दगडातच.

"हिचं सगळं असंच अर्धवट," तो ओशाळून म्हणाला. "माझा स्वेटर विणायला घेतला, तोही एका बाहीवर अडलाय."

बायकोने दिवा तिरपा केला. मग भिंग पुढे केलं. बाई शेपटीवर वाकल्या, त्या कितीतरी वेळ उठल्याच नाहीत.

"इथे पिल्लू आहे," अखेर त्या म्हणाल्या. "नखाएवढं. शेपूट मोकळी करायला गेलं असतं, तर याचा भुगा झाला असता."

"म्हणून हात आवरला," बायको म्हणाली.

"आमच्याकडची मुरलेली माणसंही इथे थांबली नसती हो, ताई."

दुसऱ्या दिवशी शेजारी डोकावले आणि हसले. "काय वहिनी, शेपूट राहिली वाटतं?"

"आधी भिंग घ्या, मग बोला!" नवरा ताडकन उठून म्हणाला. त्याच्या अंगात एका बाहीचा स्वेटर होता.