हाकेला ओ

"इपीभाऊ, माझ्या थडग्यात ठेवायच्या बाहुल्यांना तोंड आमच्या ह्यांचं दे," हेनुतबाई बाहुल्या घडवणाऱ्या इपीला म्हणाल्या. "लोक आपापलं देत असतील. पण जन्मभर दळण मी दळलं, नाईलचं पाणी मी वाहिलं, आणि हे खजुराखाली लोळले. मेल्यावर तरी राबू देत!"

"देतो की, वहिनी." इपीने हातातला मातीचा गोळा खाली ठेवला. "पण परलोकात ओसायरिस देव तुम्हाला शेतावर बोलावणार, तेव्हा तुमच्या बदली बाहुलीने उठून ओ द्यायची असते. आमचे खाएदादा हाक मारल्यावर उठतात का?"

हेनुतबाईंना नवऱ्याची झोप आठवली. परवा गोठ्याला आग लागली, तेव्हासुद्धा त्यांनी फक्त कूस बदलली होती. देव तरी किती ओरडणार? शेवटी वैतागून तो हेनुतबाईंनाच उठवणार, आणि फावडं पुन्हा त्यांच्याच हातात येणार.

"जाऊ दे मेलं," त्या म्हणाल्या. "माझंच तोंड दे."

"मग उद्याच घेऊन जा." इपीने फळीवरून एक साचा खाली काढला. आत हेनुतबाईंचंच बसकं नाक होतं, हनुवटीवरच्या चामखिळीसकट.

"हा कधी केलास रे?"

"गेल्या पुराच्या वेळी. खाएदादांनी त्यांच्या थडग्यासाठी सगळ्या बाहुल्या ह्याच साच्यातून काढून घेतल्यात. म्हणाले, ही एका हाकेत उठते."