हरलेलं गाव

आमच्याकडे कोडं सुटलं नाही की हरणाऱ्याने एक गाव द्यायचं. माझ्या लेकीने, रेवतीने, आबांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून, कऱ्हाड, विटा, मिरज असं बरंच काही जिंकलं होतं.

“पाण्यात पडते, पण भिजत नाही. सांगा, कोण?”

सावली! लहानपणी हे कोडं मला आबांनीच घातलं होतं. तरी ते म्हणाले, “हरलो.”

“मग गाव द्या.”

आबा म्हणाले, “जांभळवणे घे.”

माझा घास हातातच राहिला. जांभळवणे आमचं गाव, धरणात गेलेलं. गाव उठल्यापासून आबांनी ते नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं.

“अगं, ते बुडालंय,” मी घाईने म्हणालो.

“असू दे. आता माझंय ना? आबा, माझ्या गावात काय काय आहे?”

आबांनी ताट बाजूला सारलं. “ही वेस. इथं चिंच, खाली तातू न्हाव्याचा आरसा. आणि हे बघ, आपलं दार…”

त्यांचं बोट टेबलावर एकेक गल्ली काढत गेलं. मी श्वास रोखून बघत राहिलो. सगळं गाव पाण्यातून वर येत होतं, कोरडं ठणठणीत.