सर्व्हरच्या यादीतलं शेवटचं उपकरण

सदर भागातल्या ऑफिसात भर सकाळी कामिनी नव्या सर्व्हरच्या बायोसमध्ये, म्हणजे मुळातल्या सेटिंगमध्ये शिरली. साहेबाला सगळेच चोर दिसायचे. फर्मान निघालं, पेनड्राइव्हनं माहिती चोरतील, सगळे यूएसबी पोर्ट बंद करा. तिनं सगळे केले. यादीत खाली आणखी एक उपकरण होतं: ‘प्रशिक – चालू’.

शेजारी सहकारी प्रशिक झणझणीत रश्श्याचे तर्री-पोहे खात खिदळत होता.

"काहून बे, तुनं नाव घुसवलं इथं?"

"मी तं खाऊन राहिलो वं! कर बंद, हिंमत असंल तं!"

तिनं रागानं केलं. सेव्ह केलं.

हसणं मध्येच तुटलं. प्रशिकचं तोंड उघडंच, चमचा हवेत. पापणी लवेना, छाती हलेना. तर्री मात्र शर्टावर टपकत होती.

परत सेटिंगमध्ये जायला कामिनी कीबोर्ड बडवत सुटली. एकही बटण चालेना. कीबोर्ड यूएसबीचाच होता.